आधी तू चाख

माझ्या सासूबाईंना गावात सगळे ओपू साउर्मा म्हणायचे, म्हणजे साउर्माची आजी. साउर्मा माझी थोरली. नातवंड झालं की आमच्याकडे माणसाचं जुनं नाव मागे पडतं. पण सासूबाईंच्या पाठीमागे बायका त्यांना वेगळ्याच नावाने ओळखायच्या. 'चाखवणारी.' मला 'चाखणारी.'

लग्न होऊन मी तोबा तळ्याकाठच्या या घरात आले, तेव्हा पहिल्याच जेवणाला त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "आधी तू चाख." मला वाटलं, मान देताहेत. मी लाजत घास घेतला. त्या माझ्या तोंडाकडे बघत बसल्या, मी गिळेपर्यंत. मग बऱ्याच वेळाने जेवल्या. तेव्हापासून भात असो, कॉफी असो, औषध असो, माझ्या तोंडात आधी गेल्याशिवाय त्यांच्या तोंडात काही गेलं नाही. लग्नकार्याला जाताना पदरात उकडलेली अंडी बांधून न्यायच्या. यजमानांना राग यायचा. त्यांचं म्हणणं, राग आलेला परवडतो.

यामागचं कारण मला नवऱ्याने, मारोलोपने, सांगितलं. सासूबाई लहान असताना त्यांचे वडील तळ्यापलीकडे एका जेवणावळीला गेले. संध्याकाळी घरी येऊन वारले. कुणीतरी अन्नात काही घातलं असं लोक बोलले, आणि ज्यांच्यावर बोट गेलं त्यांना गाव सोडावं लागलं. खरं काय ते कुणालाच कळलं नाही. आणि सासूबाई त्या जेवणावळीत वडिलांच्या मांडीवर बसून त्यांच्याच पानातलं जेवल्या होत्या.

आमच्या ख्रिस्ती देवळात दर रविवारी जायच्या. पहिल्या बाकावर. पण पाळकबुवा बोलायला लागले की त्या त्यांच्या हाताकडे बघायच्या, बाजारात भाजीवालीच्या तागडीकडे बघावं तसं. प्रभुभोजनाच्या रांगेतसुद्धा मला पुढे ढकलायच्या. मी प्याला ओठाला लावून मागे वळले की त्या माझ्याकडे निरखून बघायच्या आणि मगच पुढे व्हायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, इनांग (आईला आणि सासूला आम्ही असंच म्हणतो), देवाच्या घरी तरी. त्या म्हणाल्या, "देवाने मला ठेवलं आणि माझ्या बापाला नेलं, एकाच पानावरून. आधी त्याचा हिशेब कळू दे."

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांची तब्येत खालावली. पाय सुजले, आवाज बसला. तेव्हा मेदान शहरातून थोरल्या दिरांचा, बिन्सार यांचा, फोन आला की आता भरवण्याचं जेवण करून टाकू. आई-वडील थकले की मुलं एकत्र येऊन त्यांना आपल्या हाताने भरवतात, आणि ते मुलांना आशीर्वाद देतात. त्याशिवाय माणूस गेला तर मुलांना समाजात तोंड दाखवायला जागा राहत नाही. पण त्या जेवणानंतर तो माणूस कुठल्या कार्यात पुढे होत नाही, वाट बघत बसतो. कसली वाट, ते कुणी बोलत नाही.

सासूबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "एवढी घाई का त्याला?"

मलाही तोच प्रश्न पडला होता, खोटं कशाला लिहू. बिन्सार कित्येक वर्षं फिरकले नव्हते. तळ्याकडच्या शेतावर त्यांचा डोळा आहे असं मारोलोप म्हणायचा. आता अचानक प्रेम कुठून उतू चाललं? त्या दिवसापासून सासूबाई माझ्याकडेही वेगळ्या नजरेने बघायला लागल्या. मी चाखून दिलेलं पुन्हा मांजरापुढे ठेवायच्या.

जेवणाच्या दिवशी बिन्सार गाडीभर सामान घेऊन आले. डुक्कर मारोलोपने कापलंच होतं. मासा मात्र त्यांनी मेदानच्या मोठ्या खानावळीतून करून आणला होता. डबा मी उघडला, तर माशाचे तुकडे केलेले होते. भरवण्याचा मासा अख्खा हवा, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि डोकं म्हाताऱ्या माणसाकडे करून ठेवायचा. तुकडे करणं म्हणजे त्यांचं आयुष्य कापून समोर ठेवणं. शहरात राहून बिन्सार हे विसरले होते, की विसरले नव्हते?

सासूबाईंनी मान लांब करून डब्यात बघितलं. ओठ आवळून भिंतीकडे तोंड केलं.

बिन्सार घाम पुसत मला म्हणाले, "अगं, कापल्याशिवाय डब्यात मावेना." यावर मारोलोप म्हणाला, "दादा, मग आईलाही घडी घालून गाडीत मावव ना." दोघं भाऊ हातघाईवर आले असते. मी नवऱ्याला तळ्यावर पिटाळलं. त्याने जिवंत मासा आणला, मी हळद, आलं आणि तिरफळं भरून तो अख्खा शिजवला. पाहुणे तोवर कॉफी पीत थांबले आणि मनातल्या मनात काय ते बोलत राहिले.

शेवटी सगळे चटईवर बसले. बिन्सारनी घास उचलला. "इनांग, तोंड उघड."

ओठ आवळलेलेच. नजर माझ्यावर.

ती नजर मला कळत होती. पण पाहुण्यांसमोर थोरल्या मुलाच्या हातातलं मी आधी चाखायचं, म्हणजे आईला मुलावर भरवसा नाही हे चारचौघांत ओरडून सांगणं. न चाखावं, तर त्या तोंड उघडणार नाहीत, आणि आशीर्वादाविना जातील. मी मनात देवाचं नाव घेतलं, पुढे सरकले आणि त्या ताटातला घास खाल्ला. कुणीतरी खाकरलं. बिन्सारांचा चेहरा उतरला. मग त्यांनी हातातला घास स्वतःच्याच तोंडात घातला, चावला, गिळला, आणि दुसरा उचलला. सासूबाईंनी त्या हाताकडे बराच वेळ बघितलं आणि तोंड उघडलं.

आशीर्वाद दिला, सगळ्यांना सारखा.

दुसऱ्या दिवशी बिन्सार तळ्याकडच्या शेतात गेले. मारोलोप म्हणाला, बघ, मापं घेतोय. मी कॉफी घेऊन गेले, तर ते सासऱ्यांच्या थडग्याभोवतीचं गवत उपटत होते. डोळे लाल. कॉफी पिता पिता त्यांनी विचारलं, हल्ली इकडे जमिनीला भाव काय चाललाय? माणसाच्या पोटात दोन्ही असतं. मी त्यांचा न्याय करत नाही.

पुढच्या आठवड्यात सासूबाई उठेनाशा झाल्या. एका दुपारी मी पेज घेऊन बसले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "आजवर प्रत्येक गोष्टीत तू पुढे गेलीस आणि मला सांगितलंस, काही होत नाही, खा. आता मला जायचंय तिथे तू पुढे जाऊ शकत नाहीस. हे कोण चाखणार?"

इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं बघितलं नव्हतं. संशयाखाली तेच दडलं होतं, आणि मी चिडण्यात वेळ घालवला.

मी म्हटलं, "इनांग, ते चाखून झालंय. प्रभूने आधीच चाखलंय."

"खरंच मेला होता तो? की नुसतं तसं सांगतात?"

"मेला होता. पुरला होता. परत येऊन शिष्यांना हात दाखवले. एकजण तुमच्यासारखाच होता, बघितल्याशिवाय मानेना. त्याच्यावर प्रभू रागावला नाही, घाव पुढे केला."

पडल्या पडल्या त्यांचे ओठ हलत होते, काही चावत असल्यासारखे. "म्हणजे स्वतः न चाखता दुसऱ्याला वाढणारा नाही तो."

"नाही."

"माझ्या बापाच्या वेळीही तिथे होता?"

कळत नाही ते कळतं म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी लगेच ओळखलं असतं. "का नेलं, ते मला माहीत नाही. पण एकटे गेले नाहीत एवढं मी मानते," मी म्हटलं.

"मानतेस," त्या म्हणाल्या. "बरं. तू आजवर खोटं चाखलं नाहीस."

पेज निवत होती. मी सवयीने चमचा भरून माझ्या तोंडाकडे नेला. त्यांनी माझा हात खाली ओढला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सरळ मला दे."