मुन्नीच्या शेपटातल्या गाठी

आधीच सांगते — भूतखेत, बाहेरचं, अंगात येणं, यातलं मला काहीच पटत नाही. शाळेत सायन्स शिकवते मी. असे अनुभव वाचताना मनातल्या मनात टिंगलच करते... आणि आज स्वतःच लिहायला बसले आहे. हसा खुशाल.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. आम्ही राजुऱ्यात राहायचो. अब्बांचा टांगा होता आणि टांग्याला मुन्नी, तपकिरी घोडी. तिच्या शेपटाचे केस जन्मापासून कुरळे. असल्या केसांत गुंता लवकर होतो, त्यात पावसाळ्याचा चिखल, घाम, माळावरचे गोखरू. मोहल्ल्यातल्या बाया म्हणायच्या, रात्री घोडीवर काहीतरी बसतं, तेच शेपटाला गाठी मारून जातं. अब्बा जाम चिडायचे. म्हणायचे, भूत-गीत काई नाई, मालकाचा आळस हाय.

त्यांचा स्वतःचा आळस मात्र कधी दिसला नाही. रोज संध्याकाळी बोटांना जवसाचं तेल लावून बसायचे. कंगवा नाही, केस तुटतात. खालच्या टोकापासून सुरुवात. गाठीच्या वर मूठ घट्ट धरायची, म्हणजे जनावराला ओढ लागत नाही, आणि एकेक केस सोडवत वर जायचं. सोबत गप्पा. अम्मी म्हणायची, एवढं तर माझ्याशीही बोलत नाहीत हे.

मग अब्बांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेल्यात जमा. उजव्या हाताची मूठ अशी आवळली की डॉक्टरांनाही उघडेना.

मुन्नी दुसऱ्या कोणाला मागे फिरकू देईना. मी तेलाची बाटली घेऊन गेले, तर लाथ बसता बसता राहिली. पावसाळा संपेपर्यंत शेपटाचं पार लाकूड झालं. माशा हाकलता येईनात, मांड्यांवरच्या जखमा चिघळल्या. शेवटी माझा मोठा भाऊ रफीक म्हणाला, जुम्म्याची नमाज पढून येतो, मग चार माणसं लावून शेपटाचे केस कापूनच टाकू. त्याचंही काही चुकत नव्हतं. पण अब्बांनी ते खाटेवरून ऐकलं. डोळ्यांतून धारा लागल्या. कसंबसं एवढंच बोलले —

"कापू नोका... मी सोडवतो."

मला तिथे उभं राहवेना. अम्मी त्यांच्याजवळ बसली आणि मी अंगणात येऊन तांदूळ निवडत बसले. तबेला समोरच, दार एकच, मुन्नीचं तोंड माझ्याकडे. कोणी आत गेलं नाही, कसम खाऊन सांगते. ती फक्त फार शांत उभी होती, डोळे अर्धे मिटून. मला वाटलं, दमली बिचारी.

रफीकभाई कात्री आणि माणसं घेऊन आला. आम्ही आत गेलो... शेपूट मोकळं होतं. कुरळं, भरघोस, जवसाच्या तेलाचा वास येणारं. गोखरू खाली पडलेले. मी हात लावला तरी मुन्नी हलली नाही. वरपासून खालपर्यंत बोटं फिरवून पाहिली मी, कुठेच अडकली नाहीत.

मी अब्बांना सांगायला धावले.

अब्बा गेले होते. अम्मी त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन बसली होती. मूठ उघडलेली, बोटं सरळ. तिला वाटत होतं, झोपलेत.

"तू बाहेर गेली तवापासून बोटं चालून राह्यली होती यांची," ती म्हणाली. "काई सोडवून राह्यले जसे. मले वाटलं, बरे होऊन राह्यले. म्हणून तुले हाक नाई मारली."

डॉक्टर म्हणाले, शेवटच्या वेळी हात असा सैल पडू शकतो. मान्य. पण ते शेपूट? ते तेल? इतकी वर्षं डोकं खाजवते आहे, सायन्सची सगळी पुस्तकं पालथी घातली. रफीकभाई तर विषयच काढू देत नाही.

अम्मी आता थकली आहे. बसल्या बसल्या मध्येच विचारते, "एखादी गाठ राह्यली होती काय वं?" तिला वाटतं, एखादी राहिली असती तर ती सोडवायला ते अजून थोडा वेळ थांबले असते. तेवढ्यात तिने मला हाक मारली असती. दर वेळी ठरवते की हो म्हणावं, म्हातारीचं मन राखावं. जमत नाही.

"नव्हती अम्मी," मी सांगते. "एकही नव्हती."