छत्रीखालची शेवंती

कुंडीच्या तयार मातीची, पॉटिंग मिक्सची पिशवी फोडली की त्या ओलसर वासासरशी परदेशातल्या माझ्या माउंट रॉस्किलच्या घरामागचं जानेवारीचं ऊन आठवतं. पुण्याहून राहायला आलेल्या आईने तिथल्या सवयीने जानेवारीतच माझी शेवंती उपटून नव्या कुंडीत लावली होती. "अगं, इथे ऋतू उलटे, आत्ता भर उन्हाळा आहे! मारलीस ना ती!" मी ओरडले. ती दुपारभर कुंडीवर छत्री धरून बसली. तरी पानं करपलीच. परत गेल्यावर दर फोनला विचारायची, "जगली का गं?" मार्चमध्ये बुडातून कोंब फुटले, पण फूल आलं की एकदम फोटोच पाठवू, म्हणून मी नुसतं "बघू" म्हणत राहिले. मे महिन्यात शेवंती पिवळीधमक फुलली, तेव्हा आईला जाऊन आठ दिवस झाले होते. तो फोटो अजून माझ्या फोनमध्येच आहे.