राजस्थानीच्या मेळाव्यात राजस्थानी बोलायची नाही

प्रवास झकास झाला असं लिहायची मला सवय आहे. या वेळी मात्र मी संतापून परत आलेय आणि ते लपवणार नाही. जळगावात 'राजस्थानी भाषा गौरव मेळावा' आहे, ये, असा काकोसांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, फोन आला. मेळाव्याचे सर्वेसर्वा तेच. आम्ही मारवाडी, पण पिढ्यान् पिढ्या खानदेशात, त्यामुळे माझी मारवाडी मोडकीतोडकी. दोन दिवस कानावर पडेल तरी, म्हणून शनिवारी सकाळी नाशिकहून धुळ्याची एसटी धरली.

बायकांना अर्धं तिकीट असल्याने खिशाला चाट नाही. धुळ्याला स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोबत ताक मागवा, रस्सा नाकाडोळ्यांतून पाणी काढतो. गल्ल्यावरच्या नानांना मेळाव्याचं सांगितलं तर ते हसले.

"आमना गावना मारवाडी आमनासंगे अहिराणीच बोलतस, ताई. नी त्यास्ना पोरे बठ्ठा हिंदी. मंग मेळावा कोनासाठे शे?"

पोरं सगळी हिंदी बोलतात, मग मेळावा कोणासाठी, हा त्यांचा सवाल घेऊनच मी जळगावची गाडी धरली. पारोळा, एरंडोल मागे टाकत चार वाजता जळगावात, पिंप्राळ्यात भूआसाच्या घरी पोचले. भूआसा म्हणजे माझी आत्या. गेल्या उन्हाळ्यात फुफाजी, म्हणजे तिचे यजमान, वारले. घरात तिच्याशी मारवाडीत बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. आता ती नातवाला म्हणते, "बेटा, पाणी ला रे," आणि नातू मोबाइलमधून मान न काढता म्हणतो, "हां दादी, एक मिनट." सून चांगली आहे, जेवणखाण वेळेवर करते, पण तीही हिंदीच. त्या संध्याकाळी भूआसा माझ्याशी दोन तास बोलत राहिली. निम्मं मला कळलं नाही, पण मी उठले नाही.

रविवारी काकोसांनी मला गाडी देऊन पहूरकडे धाडलं. पहूरपासून आत एका तांड्यावरून बंजारा बायकांना आणायचं होतं. मोठा रस्ता लोण्यासारखा आहे. तांड्याच्या फाट्यापासून मात्र नुसती गिट्टी, छोटी गाडी नेऊ नका. बंजाऱ्यांची गोरमाटी राजस्थानी बोल्यांच्याच गोतातली. 'तुझं'ला मारवाडीत 'थारो' तर त्यांच्यात 'तारो', एवढी जवळ. फरक इतकाच की आमच्यातले बरेचजण बोलायचे थांबले आणि तांड्यावर शेंबडं पोरही बोलतं. त्यांच्यातली थोरली जमनाबाई आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, घालून तयारच होती.

"साहेब म्हणाले, माईकवर धा मिनटं बोलायचं," ती मला मराठीत म्हणाली. "आमची पोरं शाळेत आमची बोली बोलली की बाकीची हसतात. मी सांगणार हाये, हसू नका, ही तुमच्याच घरची बोली हाये." गाडीत ती ओठांतल्या ओठांत तेच घोकत होती.

हॉलच्या दाराशी महाजनी लिपीचा मोठा फ्लेक्स होता. जुन्या व्यापाऱ्यांची ही लिपी, बहुतेक काना-मात्रा गाळून भराभर लिहायची. मी काकोसांना विचारलं, "हे वाचता येतं कोणाला?" ते म्हणाले, "अगं, शोभेला आहे." तिथेच माझं डोकं तापायला लागलं. मग भाषणं सुरू झाली. मातृभाषेला मान्यता मिळालीच पाहिजे! टाळ्या. मातृभाषा घराघरात बोलली पाहिजे! टाळ्या. सगळं हिंदीत. ज्याला स्वतःच्या भाषेत 'बसा' म्हणता येत नाही, तो तिला मान्यता कसली मागतो?

जेवणात दाल-बाटी उत्तम होती, रागातही खोटं बोलणार नाही. भूआसाही मेळाव्याला आली होती, तिच्या शेजारी जमनाबाई बसली.

"थारो नाम कांई है?" भूआसाने विचारलं.

"जमना. तारो कांयी छ?"

आणि दोघी सुटल्याच. ताटातली बाटी गार झाली. भूआसाने फुफाजींचं सांगितलं, जमनाबाईने तिचा हात धरून ठेवला.

जेवणानंतर निवेदकाने पुकारलं, "अब हमारी बंजारा बहनें नृत्य प्रस्तुत करेंगी!"

जमनाबाई काकोसांकडे गेली. "साहेब, माझं बोलणं?"

"वेळ नाही हो बाई. नाचा तुम्ही, लोकांना तेच आवडतं."

ती स्टेजवर चढलीच नाही. सरळ पहिल्या रांगेत आली आणि भूआसाच्या गळ्यात हात टाकून रडत गायला लागली. बंजारा बायका खूप दिवसांनी भेटल्या की, किंवा घरात कोणी गेलं असलं की, अशा गळ्यात पडून गातात. त्याला मळणो म्हणतात. गेलेल्याचं नाव घ्यायचं, त्याचे गुण सांगायचे, मोकळं व्हायचं. भूआसा आधी गांगरली. मग तिचाही आवाज फुटला. फुफाजी गेले तेव्हा ती रडली नव्हती, असं सून म्हणत होती. आता रडली, मारवाडीत, घरचं सगळं सांगत. सगळ्या दिवसात त्या हॉलमध्ये आपली भाषा पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आली.

"कृपया शांति बनाए रखें," माईकवरून आलं. "माताजी को कोई बाहर ले जाइए."

मी निवेदकाच्या हातातला माईक हिसकावला आणि ओरडले, "गप्प बसा! ऐका जरा!" काकोसा माझ्याकडे बघतच राहिले. कोणीतरी माईकचा आवाज बंद केला.

जमनाबाईला मीच तांड्यावर सोडलं. माझ्याकडून हजारदा माफी मागून झाली. तिने फक्त खिडकीबाहेर बघत विचारलं, "बाईसंगं घरी कोन बोलतं?" सोमवारी सकाळच्या गाडीने नाशिकला परतले. रस्ता तोच, पण मालेगाव कधी गेलं कळलं नाही.

घरी पोचते तो काकोसांनी मेळाव्याच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलेला. भूआसा आणि जमनाबाई एकमेकींच्या गळ्यात. खाली लिहिलं होतं, 'हमारी भाषा, हमारी पहचान'. दोघींचे ओठ हलत होते. त्यांचा आवाज काढून टाकून वर सनई लावली होती.

मी पहिल्यांदाच मारवाडीत टाइप केलं: "काकोसा, भूआसा री आवाज कठै गई?"

लगेच उत्तर आलं.

"बेटा, ग्रुप पर हिंदी में लिखा करो. सबको समझ में आना चाहिए."