भिंतीवरची रिकामी फ्रेम

लेकीला घ्यायला तिच्या कॉलेजच्या जिमखान्यात गेलो आणि आरसा समजून एका रिकाम्या फ्रेमच्या काचेत उरलेले केस विंचरले. बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याआधीच विजयाच्या फोटोसाठी फ्रेम टांगून ठेवायची, ही तिथली जुनी पद्धत. शेजारच्या फोटोंतून आजवरचे विजेते संघ ओळीने माझ्याकडे बघत होते; हसत कुणीच नव्हतं.

यंदाची कर्णधार आमची मुक्ता. सुजलेल्या गुडघ्याला पट्टा आवळत ती आली.

"डॉक्टर खेळू नको म्हणालेत ना गं?"

"बाबा, इथली फ्रेम कधी रिकामी राहिलेली नाही."

परंपरा मोठी असते हे ऐकून होतो. ती इतकी भुकेली असते, हे त्या भिंतीसमोर कळलं.

ती पुन्हा सरावाला वळली, तसा घरी बायकोला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिला सांगा, खुशाल हरून ये, पण स्वतःच्या पायांनी घरी ये."