तिसरी टाकी

मुलीला घेऊन तिच्या साखरपुड्यासाठी हॉल बघायला गेलो आणि त्याच्या स्वयंपाकघराच्या दारात माझे हातपाय गार पडले. बायकोला वाटलं, माझी साखर उतरली. तिने पर्समधून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातात ठेवली. मी ती तशीच मुठीत धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो.

भिंतीला लागून तीन लोखंडी नळ्या उभ्या होत्या, दोन पुरुष उंचीच्या. त्यांना दोरी बांधून फडकी वाळत घातली होती. तिथून चार पावलांवर एका भल्यामोठ्या शेगडीवर मटण रटरटत होतं.

हॉल चालवणारी बाई चाळिशीची, गोल चेहऱ्याची, कामाला वाघ. ती स्वतःच स्वयंपाक करते. "काकू, चव बघून मगच ठरवा," ती मला हिंदीत म्हणाली. बंगालीत काकू म्हणजे काका. कोलकात्यात येऊन तीस वर्षं होत आली, तरी कुणी मला काकू म्हटलं की आपण साडी नेसून उभे आहोत असं वाटतं. एरवी हसलो असतो. त्या दिवशी नळ्यांवरून नजर हलवली नाही.

बेहाला या आमच्या उपनगरातली ही जागा मला नवीन नव्हती. आमच्या फ्लॅटपासून ती पायी दहा मिनिटांवर आहे. मी सरकारी तेल कंपनीत होतो आणि इथे आमच्याच कंपनीचा पेट्रोल पंप होता. पुढे म्हाताऱ्या डीलरला झेपेना, मूलबाळ नव्हतं, त्याने पंप बंद केला. जमीन त्याची स्वतःची होती. तो गेल्यावर त्याच्या भाच्याने ती टाइल्सवाल्याला भाड्याने दिली. आमचं कमोड तिथलंच. टाइल्सवाला गेला, फर्निचरचं दुकान आलं. बायकोने तिथून कपाट घेतलं आणि ते जिन्यात अडकलं म्हणून मी दुकानदाराशी भांडून आलो. मग समोर मेट्रोचे खांब उभे राहू लागले, रस्ता अर्धा झाला, गिऱ्हाईक आटलं, फर्निचरवालाही उठला. काही दिवस शटर बंद होतं. आता पंपाचं उंच छत तसंच ठेवून, खाली काचा लावून, झुंबरं टांगून हा हॉल झाला होता. एकच इमारत इतक्या जणांच्या हाती गेली आणि दर वेळी मी आत जाऊन आलो. फरशीखाली काय आहे हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

फरशीखाली पेट्रोलच्या टाक्या होत्या, तीन. आणि त्या तीन नळ्या म्हणजे टाक्यांमधली वाफ बाहेर सोडायची सोय. पंप बंद झाला की टाक्या रिकाम्या करून, धुऊन, वाळूने ठासून भरायच्या असतात. नाहीतर तळाला राहिलेल्या चिखलातून पेट्रोलची वाफ निघत राहते आणि ती वाफ कधी कुठून बाहेर येईल सांगता येत नाही. हे सगळं झाल्याचा दाखला कंपनीच्या अधिकाऱ्याने समक्ष बघून द्यायचा असतो. या जागेचा दाखला मी दिला होता.

"शेगडी बंद करा," मी ओरडलो. "आधी बंद करा. सगळ्या."

बाई चमकली. मुलगी माझी बाही ओढत म्हणाली, "बाबा, तू काय करतो? सगळे बघतात." ती इथेच वाढली. तिच्या मराठीला मी एरवी टोकतो, तेव्हा टोकायचंही सुचलं नाही. मी पुढे होऊन स्वतःच्या हाताने शेगडी बंद केली. बाईचा चेहरा लाल झाला. "माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही कोण?" तिने विचारलं. रास्त प्रश्न होता.

मी कोण ते सांगितलं. खाली टाक्या आहेत, त्या भरल्या नसतील तर इथे विस्तव पेटवणं धोक्याचं आहे, हे सांगितलं. आणि मग, आज लिहितानाही लाज वाटते, मी म्हणालो, "जुना डीलर जरा ढिला होता. त्याने भरल्या की नाही देव जाणे."

मेलेल्या माणसावर ढकलून मी मोकळा होत होतो. माझ्या तोंडून ते इतक्या सहज आलं की मीच हबकलो.

बायको बाजूलाच उभी होती. ती माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "अहो, असं काय बोलताय? तो बिचारा टॅक्सीपर्यंत धावत आला होता तुम्हाला थांबवायला."

तेव्हा मला सगळं लख्ख आठवलं. दुर्गापूजेच्या सुट्ट्या लागायच्या आदला दिवस होता. ऑफिसात कुणाचं लक्ष कामात नव्हतं, माझंही नव्हतं. दुपारी हावड्याहून आमची पुण्याची गाडी होती. हा एकच कागद राहिला होता, म्हणून स्टेशनला जाताना टॅक्सी पंपावर थांबवली. आत बायको, पाच वर्षांची मुलगी, दोन ट्रंका आणि संदेश मिठाईचे डबे. डीलर छत्री घेऊन धावत आला. "सर, दोन झाल्या. तिसरी राहिलीय, वाळूचा ट्रक पूजेनंतरच येईल. सही तेव्हा करा, सर, समोर उभं राहून बघा." तो हे दोनदा म्हणाला. मी टॅक्सीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि तीन टाक्या माझ्यासमक्ष भरल्या, असं लिहून सही केली. वर त्यालाच म्हणालो, "विश्वास आहे तुमच्यावर. नंतर भरून टाका." सुट्टीहून परतलो तर माझी बदली सिलिगुडीला झालेली होती. तीन वर्षांनी पुन्हा कोलकात्यात आलो तेव्हा डीलर वारला होता आणि तिथे टाइल्स विकायला होत्या.

आणि हा मी ऑफिसात खडूस म्हणून प्रसिद्ध होतो! पंपावरचा संडास अस्वच्छ दिसला तर डीलरला तासभर झापायचो. हवेच्या मशीनची नळी फाटलेली दिसली की नोटीस काढायचो. निवृत्तीच्या समारंभात सगळे माझ्या शिस्तीवर बोलले आणि मी मान खाली घालून, आतून फुलून, ऐकत होतो.

शहराबाहेर बजबज गावातल्या तेल डेपोत माझा एक जुना सहकारी अजून नोकरीला आहे. त्याला फोन केला. दुपारी तो दोन माणसं, टाकीत उतरवायची पितळी पट्टी आणि वाफ ओळखणारं यंत्र घेऊन आला. तोवर बाईने सगळा स्वयंपाक थांबवला होता. संध्याकाळी तिथे कुणाच्या तरी नातवाचं उष्टावण होतं, ते तिने शेजारच्या क्लबात हलवलं. माझ्याशी ती एक शब्द बोलत नव्हती. मी मुलीला आणि बायकोला घरी जायला सांगितलं. दोघीही गेल्या नाहीत.

झाकणं फरशीखाली गेली होती. मी अंदाजाने जागा दाखवली आणि माणसांनी छिन्नी पाण्याने भिजवत, ठिणगी न पाडता, फरशी फोडली. पहिल्या टाकीत पट्टी वीतभर गेली आणि थांबली. वाळू होती. दुसरीतही वाळू होती. म्हातारा खरं बोलला होता. तिसऱ्या टाकीचं झाकण थेट शेगडीच्या पायाशी निघालं. पट्टी सोडली ती सरसर आत गेली, गेली, आणि खूप खाली ठण्ण वाजली. यंत्र लगेच ओरडायला लागलं. सहकाऱ्याने हाताने सगळ्यांना मागे सारलं आणि मला हळूच म्हणाला, "सर, नशीब." त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. मी भिंत धरून उभा होतो.

अग्निशमन दलाला कळवलं, कंपनीला कळवलं. काय आणि कुणी केलं हे मी तिथेच बसून माझ्या अक्षरात लिहून दिलं. म्हातारा डीलर काय म्हणाला होता तेही लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दाखल्याविषयी मी काही खरं लिहिलं.

कागद देऊन उठलो तेव्हा बाई समोर येऊन उभी राहिली. ओरडेल, रडेल, काहीही करेल, माझी तयारी होती. तिने शांतपणे विचारलं, "काकू, मी दोन वर्षं इथे रोज उभी राहते. तुमच्या मुलीचा साखरपुडा दुसऱ्या हॉलमध्ये असता, तर तुम्ही आला असता?"

ऑफिसात एखादा डीलर गप्प बसला की मी टेबलावर पेन आपटायचो, उत्तर द्या म्हणायचो. ते आठवलं.

"नसतो आलो," मी म्हणालो.

मुलगी शेजारीच होती. तिने माझा दंड धरला होता, तो सोडला.

बाईने मान हलवली. मग म्हणाली, "असे न बघता सही केलेले अजून किती कागद आहेत?"

मी तोंड उघडलं, एकही नाही म्हणायला. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाच चुकलो, असं सांगायचं होतं. पण त्याआधीच बजबजच्या रस्त्यावरचा, असाच बंद झालेला एक छोटा पंप डोळ्यांपुढे आला. तिथेही घाई होती. कसली ते आठवत नाही, एवढंच आठवतं की झाकण उघडून बघितलं नव्हतं.

"एक आहे," मी म्हणालो. "आणखीही असतील."

"तिथे आता काय आहे?"

मला माहीत होतं. त्या बाजूला गेलो की बसमधून दिसायचं. भिंतीवर हत्ती आणि फुगे रंगवलेले आहेत.

"लहान मुलांची शाळा."

"मग इथे काय उभे आहात?" ती किंचाळली.