सुकटीचं प्रकरण

हेमलता काळसेकरची हेमलता जेना झाली, तेव्हा दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समधल्या मराठी मंडळींना बरेच दिवस दुसरा विषय उरला नव्हता. वडील अण्णासाहेब मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, मूळचे मालवणकडचे. मुलीनं ऑफिसातल्या एका ओडिया मुलाशी लग्न ठरवल्याचं त्यांनी ऐकलं. मग फक्त एवढंच विचारलं, "मासे खातात ना?" खातात, असं कळल्यावर त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

सनातन जेना साधा सरळ माणूस होता. वडील लहानपणीच गेलेले, आई एकटी ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात समुद्रकाठच्या गावात राहायची. ते गाव समुद्र थोडं थोडं गिळत चाललं होतं. आधी माडांची रांग गेली, मग देऊळ, मग शेजाऱ्याचं घर. एका वादळानंतर सनातन जाऊन आईला दिल्लीला घेऊन आला. एक पत्र्याची पेटी आणि फडक्यात बांधलेली सुकी मासळी, एवढंच सामान घेऊन ती आली.

ओडियात आईला 'बोउ' म्हणतात. हेमलताही तेच म्हणू लागली. बोउला हिंदी येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. दूधवाला, भाजीवाला, खालचे शर्माजी, सगळ्यांशी ती ओडियात बोलायची आणि त्यांना कळलं नाही की तोंड फिरवायची. सुरुवातीला सासू-सुनांचा संसार खाणाखुणांवर चालला. एक दिवस हेमलता बाजारातून केळी घेऊन आली. बोउ म्हणाली, "कदळी." हेमलतानं तो शब्द जसाच्या तसा म्हटला. बोउ थबकली. तिनं पुन्हा म्हणून घेतला. दिल्लीत येऊन इतके महिने झाले होते, पण तिच्या भाषेतला 'ळ' मुलाखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं ऐकलाच नव्हता. शर्माजींच्या बायकोला तर 'पखाळ' हा शब्द काही केल्या जमायचा नाही, ती 'पखाल' म्हणायची. पखाळ म्हणजे रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी खायचा भात. बोउनं सुनेकडं बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

त्यानंतर भाषा भराभर आली. माउसी म्हणजे मावशी, भाउज म्हणजे भावजय, शुखुआ म्हणजे आपली सुकटच. फक्त एके ठिकाणी हेमलता अडखळली. बोउ मुलावर रुसून जेवली नाही आणि म्हणाली, "मला अभिमान झालाय." हेमलताला वाटलं, मुलाला बढती मिळाली म्हणून म्हणतायत. मग हळूहळू लक्षात आलं, की ओडियात 'अभिमान' म्हणजे आपल्याच माणसानं दुखावलं म्हणून धरलेला रुसवा. परक्यावर अभिमान होत नाही. त्याच्यावर फक्त राग येतो.

लिपी शिकवली तीही बोउनंच, ताटात तांदूळ पसरून, त्यात बोटानं गोल गोल अक्षरं काढून. त्यात बोउचा स्वार्थ होता. तिचे डोळे अधू होत चालले होते आणि तिला वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं. सनातनला ना वेळ होता ना आवड. ओडिया साहित्याच्या एका दुकानातून तो मासिकं, पुस्तकं आणून टाकायचा आणि टीव्हीसमोर बसायचा.

त्यातच बसंती दाश यांची कादंबरी आली. लेखिका भद्रक गावी शाळेत शिकवत असत, फारशा कुणाला माहीत नव्हत्या. गोष्ट होती समुद्रानं गिळलेल्या एका गावातल्या बायकांची. बोउनं पहिलं प्रकरण ऐकलं आणि हेमलताचा हात धरला. "हिला आमचं गाव कुणी सांगितलं?"

त्या कादंबरीत एक लांबलचक प्रकरण होतं. त्यात काही म्हणजे काहीच घडत नव्हतं. गावातल्या बायका वाळूवर मासळी वाळत घालतात, कावळे हाकलतात, एकमेकींची उणीदुणी काढतात, आणि सबी नावाची म्हातारी समुद्राकडं पाठ करून बसते, कारण तिला समुद्रावर अभिमान झालाय. बोउला हेच प्रकरण पुन्हा पुन्हा हवं असायचं. शेवटच्या आजारपणात, गाझियाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये, तिला घास गिळवत नव्हता तेव्हाही ती म्हणायची, "सुकटीचं वाच." हेमलता वाचायची. वाचता वाचता कधी बोउ झोपायची, कधी रडायची. एका थंडीत ती गेली.

तिच्या माघारी घर फार शांत झालं. ओडिया बोलायला कुणी उरलं नाही. सनातन आता ऑफिसातलंच हिंदी घरीही बोलायचा आणि त्यांची मुलगी दिल्लीत वाढलेली, तिला मराठीही धड येत नव्हतं. त्या रिकामपणात हेमलतानं ती कादंबरी इंग्रजीत उतरवायला घेतली. मराठीत का नाही, हा प्रश्न तेव्हा तिला पडलाच नाही. मुलीनं वाचावं, असं तिच्या मनात होतं आणि मुलगी वाचायची ती इंग्रजी.

गाझियाबादहून शास्त्री भवनातल्या ऑफिसला जाणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये, खिडकीजवळच्या जागेवर बसून ती कागद मांडीवर घ्यायची. यमुनेच्या पुलावर बस अडकली की बाकीचे लोक कपाळाला हात लावायचे, हिला मात्र तेवढंच एखादं वाक्य नीट करता यायचं. घरचं, ऑफिसचं करता करता वर्षं गेली. मुलीचं लग्न झालं, सनातनला बायपास झाली, आणि अखेर भाषांतर पुरं झालं. दरम्यान ती बसंती दाशांशी फोनवर बोलू लागली होती. बाईंचा आवाज कापरा, पण बोलणं खडीसाखरेसारखं. त्या हिला 'हेम' म्हणायच्या.

त्या काळात भारतीय भाषांतल्या कादंबऱ्या इंग्रजीत आणायची एक लाट आली होती. तमिळ, मल्याळम, बंगाली यांच्या रांगेत ओडियाचीही वर्णी लागत होती. दर्यागंजमधल्या एका प्रकाशकानं हेमलताचं हस्तलिखित घेतलं. संपादक होती नंदिता, चुणचुणीत, हसरी, पुस्तकावर खरंच जीव असलेली. पहिल्याच भेटीत तिनं चहा मागवला आणि म्हणाली, "मॅम, मैं तो रो पड़ी।" हेमलताला बरं वाटलं. इतकी वर्षं या कामाबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.

पुढच्या भेटीत नंदितानं कागद पुढे सरकवले. "बस, थोड़ा टाइट करना है।" तिनं सुकटीचं प्रकरण अख्खं काढून टाकलं होतं.

"यात काहीच घडत नाही," तिनं समजावून सांगितलं. "ओडिया वाचक तिथला आहे, त्याला चालतं. इंग्रजी वाचक इथं पुस्तक खाली ठेवेल. परत उचलणार नाही. मी त्याच्यासाठीच भांडतेय, मॅम, पुस्तकासाठी."

"पण सबी समुद्राकडं पाठ का करते, ते मग कळणार कसं?"

"ते मी पुढं एका वाक्यात घेतलंय," नंदिता म्हणाली.

हेमलतानं ते वाक्य वाचलं. सबी म्हातारी फार गर्विष्ठ होती, असं तिथं इंग्रजीत लिहिलेलं होतं.

हेमलता हिंदीत, इंग्रजीत, जमेल तसं भांडली. रुसवा आणि गर्व यांतला फरक सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले. नंदितानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो शब्द ती बदलायला तयार झाली, प्रकरण ठेवायला नाही. शेवटी म्हणाली, "असं करू, लेखिकेला विचारू. त्या नको म्हणाल्या तर मी हात लावणार नाही."

हेमलता हुरूपानं घरी आली. तिला खात्री होती. तिनं भद्रकला फोन लावला आणि पोटतिडकीनं सगळं सांगितलं.

"काढू दे त्यांना," बसंती दाश म्हणाल्या.

"माउसी, सुकटीचं प्रकरण म्हणतेय मी. सबीचं."

"समजलं ग. मी लिहिलंय ते." मग म्हणाल्या, "हेम, मी थकले. भाचा मला डॉक्टरकडं नेतो, डॉक्टर म्हणतो बघू. ओडियात माझी कादंबरी धडधाकट आहे. इंग्रजीत एका हातानं लुळी गेली तरी जाऊ दे. मला ती हातात धरून बघायचीय. तू माझ्यासाठी भांडू नकोस आता."

फोन ठेवल्यावर हेमलता स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. सनातननं विचारलं, "क्या हुआ?" ती म्हणाली, "कुछ नहीं।" तिचं काय दुखत होतं, ते तिला नवऱ्याला कुठल्याच भाषेत सांगता येईना. ती लेखिकेच्या बाजूनं लढायला उभी राहिली होती आणि लेखिकेनंच शस्त्रं खाली ठेवली होती. आता तिनं हट्ट धरला असता, तर तो स्वतःसाठी आणि मेलेल्या सासूसाठी झाला असता. दुसऱ्या दिवशी तिनं नंदिताला होकार कळवला.

पुस्तक देखणं निघालं. बसंती दाशांनी ते हातात घेतलेला फोटो भाच्यानं पाठवला. चष्मा नाकावर घसरलेला, दोन्ही हातांनी पुस्तक छातीशी धरलेलं. तो बघून हेमलताचा राग बराचसा ओसरला. एका इंग्रजी दैनिकात परीक्षण आलं. भाषांतर इतकं सहज आहे, की कादंबरी मुळात इंग्रजीतच लिहिली असावी असं वाटतं, असं त्यात म्हटलं होतं. ऑफिसात तिचं अभिनंदन झालं, कुणीतरी समोसे मागवले. हेमलता हसली, समोसा खाल्ला, आणि घरी जाताना बसमध्ये तिला असं वाटत राहिलं, की कुणीतरी तिच्या सासूला म्हटलंय, तुम्ही अगदी दिल्लीच्याच वाटता हं.

पुढच्याच वर्षी बसंती दाश वारल्या.

हेमलता निवृत्त झाली. सनातनचं पथ्य सांभाळायचं, सोसायटीच्या बागेत दोन फेऱ्या मारायच्या, असे दिवस चालले होते. एका दुपारी पुण्याहून फोन आला. वृंदा केळुसकर नावाची बाई बोलत होती. पुण्याच्या एका प्रकाशकानं या कादंबरीचे मराठी हक्क घेतले होते आणि ती इंग्रजीवरून भाषांतर करत होती.

"इंग्रजीवरून?" हेमलतानं विचारलं.

"हो ना. ओडियावरून करणारं कोण मिळणार, म्हणाले ते."

हेमलताला हसावं की रडावं कळेना. ओडियावरून मराठी करू शकणारी कित्येक वर्षांपासून इथं बसली होती आणि दर्यागंजला कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं, पुण्याला कुणाला विचारावंसं. पण वृंदाचा त्यात काय दोष?

"एक विचारू का, ताई? सबी म्हातारीच्या अंगाला पुढच्या प्रकरणात मासळीचा वास येतो म्हणतात, बायका तिला 'त्या दिवसाबद्दल' चिडवतात. कुठला दिवस? मी मागं दोनदा शोधलं. माझंच काही वाचायचं राहिलंय का?"

हेमलता खुर्चीत बसली. "तुमचं नाही राहिलं," ती म्हणाली. "तिथं एक प्रकरण होतं."

तिनं ते पाठवायचं कबूल केलं. ओडिया पुस्तक समोर उघडून ती पहिल्यांदाच सरळ मराठीत लिहू लागली. सुकट, बांगडा, खारवणं, सुकत घालणं. अण्णासाहेबांच्या घरात ऐकलेले, दिल्लीत कुणाशी न बोललेले शब्द एकेक वर आले. काही आठवेनात. मुंबईच्या चुलतबहिणीला फोन करून विचारावे लागले. लिहिताना हात दुखायचा, डोळ्यांपुढं अक्षरं पसरायची. इंग्रजीला जितकी वर्षं लागली होती, त्यामानानं हे पटकन झालं, पण ती दमली फार.

वृंदा वाचून गहिवरली. ती प्रकाशकाशी भांडली. त्यांचं म्हणणं असं, की करार इंग्रजी पुस्तकाचा आहे, त्यात नसलेलं आपण मध्ये कसं घुसडायचं? भद्रकच्या भाच्यानं परवानगी दिली, तरी त्यांचं मन होईना. शेवटी तडजोड निघाली. ते प्रकरण पुस्तकाच्या शेवटी, परिशिष्ट म्हणून छापायचं.

कुरिअरनं पुस्तक आलं, तेव्हा हेमलतानं आधी शेवटची पानं उघडली. होतं. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: मूळ ओडियावरून अनुवाद, हेमलता जेना. सनातनला मराठी वाचता येत नव्हतं, पण नाव त्यानं ओळखलं. "पढ़ के सुनाओ," तो म्हणाला. तिनं दोन पानं वाचली. तो ऐकत होता की नुसता बसला होता, ते तिनं पाहिलं नाही.

संध्याकाळी वृंदाचा फोन आला. "ताई, अजून ओडियातलं काय काय आहे तुमच्याकडं? आपण थेट करू या. मी तुमच्यासोबत बसते, दिल्लीला येते."

"बसंतीबाईंच्या कथा आहेत," हेमलता म्हणाली. "चांगल्या आहेत. पण आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे माझं, गुरुवारी. ते होऊ दे. मग बघू."