बूट चालत नाहीत

डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी ‘नीट’ द्यावी लागते. गेल्या मे महिन्यात बुलडाण्याच्या केंद्राबाहेर परीक्षा मुलीची होती, पण घाम मलाच फुटला होता. सूचनांचा कागद हातात धरून मी जमलेल्या आईबापांना मोठ्याने नियम सांगत सुटलो होतो. लांब बाह्या नकोत, कानात काही नको, बूट तर मुळीच चालत नाहीत!

वडनेर भोलजीहून मुलाला घेऊन आलेली एक बाई माझ्या प्रत्येक नियमाला मान हलवत होती. मला फार बरं वाटलं.

फाटकावर अडवलं ते माझ्याच मुलीला. तिच्या पायात बूट होते, खास परीक्षेसाठी मीच घेतलेले. माझ्याही पायात बूटच. आतल्या आवारातल्या फरशीवर उन्हाने पाय ठेववत नव्हता. त्या बाईने आपल्या चपला काढून पुढे सरकवल्या.

“घाल माय. पाय पोयले त पेपर कसा लिहिशीन?”

पेपर सुटेपर्यंत ती लिंबाखाली पाय साडीत ओढून बसली. मी सूचनांचा कागद तिच्या पायांखाली अंथरला. त्याचा तेवढाच उपयोग झाला.

निघताना चपला घालत ती म्हणाली, “भाऊ, नियम लय चांगले सांगता तुमी. पुढच्या साली पोरीलेबी सांगजा.”

‘पुढच्या साली’चा मला तेव्हा राग आला. यंदा मुलगी पुन्हा बसते आहे. तिला चपला घेतल्यात, आणि मीही चपलाच घालून जाणार आहे. नियम सांगणारा एखादा बाप तिथे असणारच.